ध्येय रुग्णाचं, आखणी आपली: पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात रोज वापरायची पद्धत

पक्षाघात झालेल्या माणसाची फाइल उघडली की पहिल्याच पानावर सगळी मोजमापं सापडतात. कोणती बाजू गेली, स्नायूंची ताकद किती, खांदा किती अंशांपर्यंत उचलला जातो, रक्तदाब किती. हा माणूस गेल्या महिन्यापर्यंत पहाटे दूध घालायला जायचा, दुकानाच्या गल्ल्यावर बसायचा की नातवाला शाळेत सोडायचा, हे मात्र बहुतेक फायलींत कुठेच नसतं. मग व्यायामही सगळ्यांना सारखेच मिळतात आणि दोन महिन्यांनी घरचे विचारतात, "एवढं करून फरक काय पडला?"

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मान्य केलेल्या आयसीएफ या, माणसाचं आरोग्य आणि रोजचं जगणं मांडणाऱ्या वर्गीकरणात कामाच्या तीन पातळ्या मांडल्या आहेत: शरीराचं कार्य, माणूस करतो ती क्रिया आणि चारचौघांतला त्याचा सहभाग. खांदा ९० अंश उचलला जाणं ही पहिली पातळी, स्वतःचे केस विंचरता येणं ही दुसरी आणि केस विंचरून, नीट आवरून भिशीला जाणं ही तिसरी. आपल्या नोंदी सहसा पहिल्या पातळीवर संपतात. इथे सांगितलेली पद्धत तिसरीपासून सुरू होऊन खाली उतरते. ती फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी आहे. घरच्या माणसांनाही यातलं बरंचसं वापरता येईल.

पहिली भेट: आधी बोलणं, मग तपासणी

४५ मिनिटांची भेट असेल तर पहिली १५ मिनिटं हातोडी आणि गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) पिशवीतच राहू द्या. खुर्ची ओढून रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल तर डावीकडच्या गोष्टींकडे रुग्णाचं लक्ष अनेकदा जात नाही, काहींना त्या बाजूचं दिसतच नाही. म्हणून पहिल्या भेटीत त्याला दिसणाऱ्या बाजूला बसा. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी जागेवर आहे का ते बघा. कवळी डबीत ठेवून घेतलेली मुलाखत अर्धी वाया जाते. टीव्ही बंद करायला सांगा.

मग स्वतःचं नाव सांगा, काय काम करता ते सांगा आणि विचारा, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" सरसकट "आजोबा" म्हणू नका. अठ्ठावन्न वर्षांच्या निवृत्त शिक्षकाला गावात सगळे "सर" म्हणत असतील तर तुम्हीही सरच म्हणा. "काका, मावशी" बहुतेकांना चालतं, पण विचारलेलं बरं. आणि बोलता येत नाही म्हणून कुणाला "तुम्ही"वरून "तू"वर आणू नका. हे वॉर्डात सर्रास होतं आणि रुग्णाला ते कळतं.

"तुमचं ध्येय काय?" हा प्रश्न फुकट जातो. उत्तर दोनच येतात: "चालायला लागू दे, बास" किंवा "ते तुम्हीच सांगा डॉक्टर." त्याऐवजी असं विचारा: "अ‍ॅटॅक यायच्या आधीचा तुमचा एक दिवस सांगा, सकाळी उठल्यापासून." मध्ये न तोडता ऐका. चहा कोण करायचं, आंघोळ आधी की पूजा आधी, बाहेर कशासाठी पडायचं, दुपारी कुणाशी गप्पा व्हायच्या, सगळं त्यात येतं. "चालायला लागू दे" असं उत्तर आलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला ठेवा: "चालायला लागलात की सगळ्यात आधी कुठे जाणार?" कुणी म्हणतं संडासला, कुणाचा हात न धरता. कुणी म्हणतं शेतावर, विहिरीपाशी. दोघांचंही उत्तर "चालणं" असलं तरी एकाला ६ मीटर सपाट फरशी आणि दार उघडणं शिकवायचं आहे, दुसऱ्याला बांध, ढेकळं आणि उतार.

शेवटचे दोन प्रश्न विसरू नका: "आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आणि "कशाची भीती वाटते?" दुसऱ्याचं उत्तर बहुतेकदा पडण्याची असतं, किंवा पुन्हा झटका येण्याची. कधी कधी "सुनेवर भार होण्याची" असंही येतं.

घरचे मध्येच उत्तर देतात तेव्हा

आपल्याकडे हा सगळ्यात मोठा अडथळा आहे आणि तो प्रेमापोटीच येतो. प्रश्न वडिलांना, उत्तर मुलाचं. मुलाला गप्प करू नका, तो दुखावला तर पुढे घरचे व्यायाम कोण करून घेणार? नजर रुग्णावरच ठेवून म्हणा, "आधी त्यांच्या तोंडून ऐकतो, मग दहा मिनिटं फक्त तुमच्यासाठी ठेवली आहेत." आणि ती दहा मिनिटं खरोखर द्या. तुम्ही स्वतःही मुलाकडे बघून "यांना जेवण जातं का?" असं विचारू नका. रुग्ण समोर बसलेला आहे.

बाई रुग्ण असेल तर थोडा वेळ तिच्याशी एकटीशी, शक्य तर बाई थेरपिस्टने, बोलायला हवं. लघवी कपड्यात होते, पाळीच्या दिवसांत पॅड बदलता येत नाही, ब्लाउजचे हूक लावायला मुलाला बोलवावं लागतं, ही कामं दिराच्या किंवा मुलाच्या समोर कधीच बाहेर येत नाहीत. आणि नेमकी हीच कामं तिच्या यादीत पहिली असतात.

घरच्यांचं आणि रुग्णाचं ध्येय वेगळं निघालं तर दोन्ही लिहून घ्या, त्यांच्या नावांसकट. मुलाला वाटतं बाबांनी जिना चढावा, बाबांना वाटतं सही करता यावी, कारण पेन्शनच्या कामाला अंगठा लावताना लाज वाटते. सही आधी घ्या. ती टेबलाशी बसल्याबसल्या जमते आणि एक गोष्ट जमली की जिन्यासाठीही माणूस तयार होतो.

बोलता येत नसेल तर

वाचा गेली म्हणजे समज गेली असं गृहीत धरू नका, आणि सगळं समजतंच आहे असंही धरू नका. आधी "हो-नाही"ची खात्री करून घ्या. रुग्णाचं नाव घेऊन विचारा, "तुमचं नाव हेच ना?" मग मुद्दाम चुकीचं नाव घेऊन विचारा. असे चार-सहा प्रश्न उलटसुलट विचारल्यावर उत्तरं बरोबर आली तरच पुढच्या हो-नाहीवर भिस्त ठेवा. मान चुकीची हलत असेल तर अंगठा वर-खाली किंवा ✓ आणि ✗ काढलेली दोन कार्डं वापरा.

एका वेळी एकच प्रश्न, छोटं वाक्य, आणि मग गप्प बसायचं. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. याच दहा सेकंदांत नातेवाईक किंवा आपण तोंड घालतो आणि जुळत आलेला शब्द निसटतो. आवाज चढवू नका, ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. घरची बोली मालवणी, अहिराणी किंवा कोकणी असेल तर पुस्तकी मराठीचा हट्ट नको, त्या बोलीतले चार शब्द घरच्यांकडून लिहून घ्या.

निवड करून घ्यायला फोटोंचा उपयोग चांगला होतो. बाजारातली चित्रकार्डं नकोत, त्यातलं स्वयंपाकघर कुणाच्याच घरासारखं नसतं. घरच्यांना सांगा, मोबाइलवर १५-२० फोटो काढून आणा: देवघर, ओटा, मोरी, स्कूटर, कोपऱ्यावरची टपरी, पत्त्यांचा कट्टा, वर्तमानपत्र, नात. टेबलावर तीन जागा करा: "हवंच", "चालेल" आणि "नको". एकेक फोटो पुढे करा आणि कुठे ठेवायचा ते रुग्णाला दाखवू द्या. "हवंच"च्या ढिगातून पुन्हा तीन निवडायला सांगा. वीस मिनिटांत ध्येयं हातात येतात. स्पीच थेरपिस्टकडे पाठवायचं आहेच, पण त्या भेटीची वाट बघत रुग्णाला विचारायचं थांबवू नका.

ध्येय लिहायचं कसं

१९९१ साली कॅनडात तयार झालेलं सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) हे साधन यासाठी सोयीचं आहे. रुग्णाने सांगितलेल्या कामांतून जास्तीत जास्त पाच निवडायची. प्रत्येक काम किती महत्त्वाचं, आत्ता किती जमतं आणि त्याबद्दल समाधान किती, याला रुग्णानेच १ ते १० पैकी मार्क द्यायचे. पुढच्या वेळी जमण्याचे आणि समाधानाचे मार्क पुन्हा विचारायचे. सरासरीत दोन किंवा जास्त मार्कांचा फरक पडला तर तो खरा फरक समजतात. आकड्यांशी सलगी नसलेल्या आजींना दहा शेंगदाणे द्या आणि "किती जमतं तेवढे पुढे सरकवा" म्हणा. काम तेच होतं.

मग ध्येयाचं वाक्य लिहा. "चालण्यात सुधारणा" हे वाक्य टाकाऊ आहे, कारण ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येत नाही. वाक्यात पाच गोष्टी हव्यात: काय, कुठे, कशाच्या आधाराने, किती मदतीने आणि कधीपर्यंत. उदाहरणार्थ: "तीन आठवड्यांत, दिवसा, काठी घेऊन, बायको हात न लावता शेजारी असताना, पलंगापासून संडासापर्यंत ८ मीटर जाऊन कमोडवर बसणं आणि उठणं." रुग्णाचे मूळ शब्द अवतरणात वर लिहा: "रात्री कुणाला उठवायला लागू नये." बघा, यातच कळतं की दिवसाचं ध्येय ही फक्त पहिली पायरी आहे. त्याला खरं तर रात्रीचं हवंय, आणि त्यात अंधार, झोपेची गुंगी आणि घाई या तीन गोष्टी वाढतात.

एका वेळी दोन-तीन ध्येयांपेक्षा जास्त घेऊ नका. दर दोन आठवड्यांनी वाक्य पुन्हा वाचून दाखवा आणि विचारा, अजून हेच हवंय का? माणसाचं मन बदलतं, कागद बदलायला हरकत नसावी.

एक काम जवळून: भाकरी

डावी बाजू कमजोर झालेली, उजव्या हाताची बाई म्हणते, "मला भाकरी करायची आहे." घरचे म्हणतात, "आम्ही आहोत की, तुला काय गरज?" इथे थांबून तिला विचारा की भाकरीत नेमकं काय हवंय. कुणाला स्वतःच्या हातची चव हवी असते, कुणाला स्वयंपाकघरातला आपला मान. (आणि एखादी म्हणते, "चाळीस वर्षं थापल्या, सुटले एकदाची." तिला भाकरी शिकवायला जाऊ नका. बाई म्हणजे स्वयंपाकघर हे गणित आपल्याच डोक्यात असतं.)

हवीच असेल तर काम फोडा: पीठ घेणं, गरम पाणी ओतणं, मळणं, थापणं, उचलून तव्यावर टाकणं, पाणी फिरवणं, उलटणं, फुगवणं. प्रत्येक पायरी तिच्याकडून आत्ता करवून बघा आणि कुठे अडतं ते लिहा. बहुतेकींचं तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, परात फिरते. खाली ओलं, पिळलेलं फडकं किंवा रबरी जाळीचा तुकडा घाला. कमजोर हात परातीच्या काठावर वजनासारखा ठेवायला लावा. नुसता ठेवलेला हातही कामात असतो आणि त्याच्याकडे लक्ष जात राहतं. दुसरं, उभं राहणं टिकत नाही. परात टेबलावर घेऊन ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीच्या, पाठ असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीला पूर्ण टेकवून सुरुवात करा. तिसरं आणि धोक्याचं, कमजोर हाताला गरम-गार कळत नाही. गॅसजवळ जाण्याआधी डोळे मिटायला सांगून कोमट आणि गार पाण्याच्या दोन बाटल्या आलटून पालटून हाताला लावा. ओळखू येत नसेल तर नियम पक्का: गरम पाणी आणि तवा कायम चांगल्या हाताच्या बाजूला, उलटायला चिमटा, साडीचा पदर खोचलेला किंवा गाऊनच्या बाह्या वर, आणि कमजोर हात ओट्याच्या कडेपासून लांब.

पहिल्या आठवड्यात फक्त वाटीभर पिठाचा गोळा, तोही कोमट पाण्याने, विस्तव नाही. दुसऱ्या आठवड्यात थापणं. एका हाताने थापताना भाकरी सरकते, म्हणून खाली प्लास्टिकचा कागद घालून तोच थोडा थोडा फिरवत जायचा. भाजायचं काम तोवर सुनेकडे. तिसऱ्या आठवड्यात उभं राहून, ओट्याला पोट टेकवून, आणि मग गॅस. हात पुढे नेणं, दोन्ही पायांवर वजन घेणं, उभं राहण्याची ताकद, सगळे व्यायाम यात येऊन जातात. फायलीत मात्र ते "भाकरी" म्हणूनच लिहा.

पहिली भाकरी वेडीवाकडी येणार. ती फेकू नका, कुणीतरी खा.

मोठी इच्छा, आणि खरं बोलणं

"मला वारी करायची आहे." आळंदीपासून पंढरपूर म्हणजे सुमारे २५० किलोमीटर आणि जवळपास तीन आठवडे. काठी घेऊन २० मीटर चालणाऱ्या माणसाला यावर "नाही जमणार" म्हटलं तर संवाद तिथेच संपतो. "नक्की जमेल" म्हटलं तर तुम्ही खोटं बोललात. विचारा, वारीत तुम्हाला काय आवडतं? दिंडीतली माणसं, भजन, चालणं की दर्शन? माणसं असतील तर पालखी आपल्या गावातून जाते त्या दिवशी दोन तास खुर्ची टाकून बसणं हे या वर्षीचं ध्येय होऊ शकतं. त्यासाठी दोन तास बसण्याची सहनशक्ती, गर्दीत व्हीलचेअर, औषधांच्या वेळा आणि लघवीची सोय एवढं लागतं. दर्शन असेल तर गाडीने पंढरपूर, रांगेत उभं राहण्याची तयारी आणि पायऱ्या. पायी वारीचं नाव यादीत सगळ्यात खाली राहू द्या, खोडू नका.

"मी पूर्ण बरा होणार ना?" याला उत्तर देताना माहीत आहे तेवढंच सांगा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो पण थांबत नाही. बोटांची बारीक हालचाल सहसा पायापेक्षा उशिरा येते, काहींची पूर्ण येत नाही. हे सांगून लगेच पुढच्या दोन आठवड्यांत काय साधायचं ते सांगा. रिक्षा किंवा गाडी पुन्हा चालवायची असेल तर डॉक्टरांनी नजर, लक्ष आणि प्रतिसाद तपासून परवानगी दिल्याशिवाय नाही. एका बाजूचं दिसत नसेल तर तर नाहीच, आणि हे स्पष्ट शब्दांत सांगायचं.

रोजचं सत्र

सुरुवातीला एक निवड रुग्णाच्या हाती द्या: आधी हात की आधी चालणं? आज ओट्याशी की अंगणात? निवड खरी हवी. "व्यायाम करूया का?" असं विचारून "नाही" आल्यावर तोच करून घेणं म्हणजे पुढच्या वेळी विचारण्याचा अधिकारच गमावणं. अंगाला हात लावण्याआधी सांगा, "आता खांद्याखाली हात घालतो," आणि मान हलेपर्यंत थांबा. पडदा ओढा.

आंघोळ शिकवायची तर आंघोळीच्या वेळी जा. दुपारी चारला, कोरड्या मोरीत, कपड्यांवर केलेल्या सरावाने सकाळी काही जमत नाही.

"करंट लावणार ना?" असं बहुतेक जण विचारतात. मशीन म्हणजे खरा उपचार आणि बाकी नुसतं "हात-पाय हलवणं" असा समज पक्का आहे. हसण्यावारी नेऊ नका. मशीन कशासाठी असतं, तुमच्या कुठल्या कामाला त्याचा उपयोग होईल किंवा होणार नाही, हे त्या कामाच्या भाषेत सांगा. छताला टांगलेल्या दोरी-कप्पीवर कमजोर हात खेचणं मात्र मागितलं तरी देऊ नका. त्याने खांदा दुखावतो, आणि दुखरा खांदा महिनोन्महिने सगळंच अडवून धरतो. तीच गोष्ट रबरी चेंडूची. मूठ आवळायला बहुतेकांना जमतं, अडतं ते उघडायला, आणि पेला धरायला आधी मूठ उघडावी लागते. तेल-मालीश, काढे, कबुतराचं रक्त असं काही घरी चालू असेल तर आधी विचारून घ्या, टोमणा मारू नका. महत्त्वाचा प्रश्न एवढाच: त्यासाठी रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद केल्यात का? केल्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

घरी करायला बारा व्यायामांची झेरॉक्स देऊ नका, ती फ्रिजवर चिकटून पिवळी पडते. तीनच द्या आणि रोजच्या कामाला बांधा. चहाच्या आधी खुर्चीतून ५ वेळा उठ-बस. टीव्हीवरच्या मालिकेत जाहिरात लागली की कमजोर हात टेबलावर पुढे सरकवणं. रात्री पलंगावर १० वेळा कंबर उचलणं. उठ-बस जड जात असेल तर खुर्चीवर घडी घातलेल्या सतरंज्या घालून उंची वाढवा आणि जमेल तशी एकेक घडी काढा. समजलं का असं विचारू नका, सगळे "हो"च म्हणतात. म्हणा, "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. आता तुम्ही मला करून दाखवा." रुग्णाची हरकत नसेल तर त्याच्याच मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून द्या.

सत्रात छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं नव्याने अडखळलं किंवा हात-पाय अचानक जास्त लुळा पडला तर सगळं थांबवा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

घर माणसाला जुळवणं

सामानाची यादी ध्येयावरून निघते, कॅटलॉगवरून नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर बसणारी कमोड खुर्ची सगळ्यात स्वस्त. बसायची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर. आधाराचा दांडा ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा, भिंतीत पक्का बसवलेला आणि चांगल्या हाताच्या बाजूला. टॉवेल टांगायची दांडी धरून पडलेले खूप आहेत. उंबऱ्याला किंवा पायरीला उतार करायचा तर १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटर पायरीला १.८ मीटर लांबी. जागा नसेल तर उभा उतार करू नका, पायरीशेजारी कठडा बसवा. काठी मनगटाच्या घडीच्या उंचीची, चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

कपड्यांबद्दल विचारल्याशिवाय गाऊन सुचवू नका. साडीच नेसायची असेल तर पुढे हूक असलेला सैल ब्लाउज, नाडीऐवजी इलॅस्टिकचा परकर आणि आधीच निऱ्या शिवलेली साडी मिळते. घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. देवपूजेला पाटावरच बसायचं असेल तर जमिनीवरून उठणं शिकवावं लागेल: गुडघ्यांवर या, चांगला हात पलंगावर, चांगला पाय पुढे रोवा आणि त्यावर भार देऊन उठा. ते जमेपर्यंत देव चौरंगावर आणि माणूस स्टुलावर.

सांभाळणाऱ्या माणसाशी

बायको, सून किंवा ब्युरोची बाई, जी कुणी असेल तिला दोन गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवा. कमजोर हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, आधार कमरेला द्यायचा. आणि मदत करण्याआधी मनात दहापर्यंत मोजायचं. घास भरवला की दहा मिनिटांत जेवण उरकतं, स्वतः खाल्लं तर चाळीस लागतात. त्यामुळे तिन्ही त्रिकाळ आग्रह धरू नका. तिला घाई नसते असं एक जेवण निवडा, बाकी दोन भरवू दे. तिच्या झोपेबद्दल विचारा. रात्रीत तीनदा उठणाऱ्या बाईकडून दिवसा व्यायामाची अपेक्षा करणं हा नियोजनातला दोष आहे, तिच्यातला नाही.

रुग्ण "नको" म्हणतो तेव्हा

फायलीत "सहकार्य नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. कारण शोधा. दुखतंय का, कुठे? पडायची भीती? रात्री झोप नाही? सांगितलेलं समजलंच नाही? की हे काम त्याला मुळातच नको आहे? दुखण्यावर आधी उपाय, भीतीवर भिंत किंवा दांडा जवळ घेऊन सराव, थकव्यावर वेळ बदलणं आणि सत्राचे दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं आणि ते आळसासारखं दिसतं. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, आणि उदास, हताश वाटलं का, हे दोन प्रश्न विचारा. प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ३ (जवळपास रोज) गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचाराला पाठवा. जीव द्यावासा वाटतो असं बोलून दाखवलं तर त्याच दिवशी, एकटं न सोडता.

कधी कधी धोका असूनही माणूस स्वतःचं म्हणणं सोडत नाही. गिळताना ठसका लागतो, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा-ओलसर होतो, तरी पोहे आणि चहाच हवा. गिळण्याची तपासणी करून घ्या. धोका साध्या शब्दांत सांगा: अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. मग पर्याय पुढे करा, दाटसर पेज, मऊ गुरगुट्या भात, ताठ बसून छोटा घास, जेवल्यावर अर्धा तास आडवं न होणं. सगळं समजून-उमजून तो नाही म्हणाला, तर काय सांगितलं आणि तो काय म्हणाला हे तारखेसकट लिहा, डॉक्टरांना कळवा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विषय काढा.

पैशाचंही उघड विचारा. रोज यायला परवडत नाही हे लोक सांगत नाहीत, येणं बंद करतात. आठवड्यातून एकदाच जमणार असेल तर ती एक भेट शिकवण्यासाठी ठेवा आणि मधल्या दिवसांची जबाबदारी घरी वाटून द्या.

गर्दीच्या ओपीडीत

दहा मिनिटंच मिळत असतील तर तीन प्रश्न पुरतात, आणि ते हात तपासताना विचारता येतात: गेल्या वेळेपासून घरी काय नवीन जमलं? काय अडलं? पुढच्या वेळेपर्यंत काय जमायला हवं? तिसऱ्याचं उत्तर केसपेपरवर निदानाच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचा थेरपिस्ट दुसरा असला तरी ते त्याच्या नजरेला पडतं.

अपंगत्व कायम राहील असं डॉक्टरांचं मत झालं की दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाबद्दल (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. अर्ज करायचा की नाही हे रुग्णाने ठरवायचं. काहींना तो शिक्का नको असतो, काहींना बसचा पास हवा असतो.

दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या केंद्रात पाठवताना चिठ्ठीत चार ओळी पुरेशा आहेत: रुग्णाला काय म्हणून हाक मारायची, त्याच्या शब्दांतली ध्येयं, काय जमलं आणि किती मदतीने, आणि कशाने त्याला राग किंवा भीती येते. चिठ्ठी बंद करण्याआधी ती रुग्णाला वाचून दाखवा.